सरकारी डुलकी

रविवारी दुपारी जेवणं झाली, की हेडक्लार्कांच्या बायकोला घरातली कामं दिसायला लागत. माळा, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या. आठवडाभर ऑफिसात मान मोडून बसणाऱ्या माणसाला रविवारची एक झोप मिळू नये, यासारखा अन्याय जगात नाही, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं. ते बोलून दाखवायची मात्र छाती नव्हती. म्हणून एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की आपण आता निसर्गाचं रक्षण करणार.

शहर संपतं तिथे राखीव जंगल होतं आणि जंगलात एक तळं. रविवारी तिथे स्वयंसेवक लागत. गळ्यात शिट्टी, डोक्यावर हिरवी टोपी, आणि फिरायला आलेल्यांना कचरा टाकू द्यायचा नाही, एवढंच काम. हेडक्लार्कांनी तळ्याचं पार पलीकडचं टोक मागून घेतलं, कारण तिकडे चिटपाखरू फिरकत नसे आणि तिथे चांगला पाय पसरण्याएवढा लांब बाक होता. टोपी डोळ्यांवर ओढायची, की उन्हं उतरेपर्यंत निसर्गाचं रक्षण. घरी येऊन "पायांचे तुकडे पडले गं," म्हटलं, की बायको गरम पाण्याची बादली पुढ्यात आणून ठेवी. चैन होती नुसती.

पण सुखाला दृष्ट लागतेच. त्या तळ्यात चिखलाखेरीज काही नाही, ते बुजवून गाड्या लावायला जागा करावी, असं शहरातल्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं. जंगलाच्या अधिकारी बाई हट्टाला पेटल्या. तळ्यात काय राहतं ते दाखवायचंच, म्हणून त्यांनी झाडावर एक कॅमेरा बांधला. समोर काही हललं, की तो आपोआप फोटो काढी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, हेडक्लार्कांनाही नाही.

एका संध्याकाळी बाई फोटो घेऊन हेडक्लार्कांच्या घरी आल्या. दार बायकोनेच उघडलं. फोटोत हेडक्लार्क बाकावर आडवे होते, तोंड उघडं, एक बूट पायात. दुसरा खाली पडलेला, आणि त्यात नाक खुपसून एक पाणमांजर उभं होतं.

बायकोने फोटो बराच वेळ पाहिला. "रक्षण," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून गरम पाणी बंद झालं.

बाईंचा आनंद मात्र पोटात मावत नव्हता. त्यांनी सांगितलं, की पाणमांजर महालाजरं. जागा माणूस दिसला तर पाण्याबाहेर डोकं काढणार नाही.

"पण तुमच्या घोरण्याला ते भीत नाही, काका. बहुतेक आपल्यातलंच कुणी समजतं."

अडचण एकच होती. साहेब म्हणत होते, एक फोटो म्हणजे काय, वाट चुकून आलं असेल. पुन्हा दिसलं तर मानू, नाहीतर सोमवारी मातीचे ट्रक येतील.

"तेव्हा या रविवारी तुम्हाला झोपावंच लागेल," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच झोपायचा हुकूम झाला आणि हेडक्लार्कांच्या झोपेचं खोबरं झालं. रविवारी ते बाकावर पडले, पण डोळे मिटले की मातीचे ट्रक दिसत. त्यांना त्या तळ्याची माया लागली होती. जगात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे कुणी त्यांना उठवत नसे.

या खेपेला बायकोही आली होती. घरून उशी आणली होती आणि बाकाच्या टोकाला पहाऱ्यावर बसली होती.

"झोपलात का?"

"झोपतोय."

"मग बोलताय कसे?"

हेडक्लार्कांनी कूस बदलली. आकडे मोजून झाले, ऑफिसातल्या फायली आठवून झाल्या. शेवटी कंटाळून ते उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होत गं."

उशी छातीशी धरून बायको बसल्या जागी झोपली होती. लग्न झाल्यापासून दुपारची ती कधी पाठ टेकताना त्यांनी पाहिली नव्हती. आणि ती घोरत होती. चांगली दणदणीत घोरत होती. इतक्या वर्षांत हे आपल्याला माहीत नाही, कारण रोज आधी झोपतो ते आपणच, हे हेडक्लार्कांच्या लक्षात आलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी आपली टोपी काढून हळूच तिच्या डोळ्यांवर ठेवली.

तेवढ्यात पाणी हललं. हेडक्लार्क श्वास रोखून दगडासारखे बसले. पाणमांजर वर आलं, बायकोच्या चपलेचा वास घेतला, बराच वेळ घोरणं ऐकलं आणि मागे वळून बघितलं. मागून दोन पिल्लं आली.

तळं वाचलं. पिल्लांचा फोटो पाहिल्यावर साहेबांना बोलायला जागाच उरली नाही. बाईंनी घरी येऊन आभार मानले आणि जरा चाचरत म्हणाल्या, की काका, राग मानू नका, पण काकूंचं घोरणं पिल्लांना जास्त मानवलेलं दिसतंय.

आता रविवारी जेवणं झाली, की बायको हिरवी टोपी घालते, शिट्टी गळ्यात अडकवते आणि निघताना नवऱ्याला माळा दाखवून जाते. हेडक्लार्क स्टुलावर चढून पंखे पुसतात. दिवेलागणीला दार वाजतं.

"पायांचे तुकडे पडले हो," बायको म्हणते, आणि हेडक्लार्क मुकाट्याने गरम पाण्याची बादली आणून पुढ्यात ठेवतात.