तिसऱ्या पायरीखालचा गुलाब

पुस्तक निवडण्यात माझा हात धरणारं अख्ख्या म्हैसुरात कुणी नाही! हे मी आज सांगत नाही, वयाच्या बाराव्या वर्षापासून सांगत आलेय. पद्धत साधी. पुस्तक हातात घ्यायचं, मधलंच एखादं पान उघडायचं आणि चार ओळी वाचायच्या. पाचवी ओळ वाचावीशी वाटली तर ते घरी न्यायचं. नाही वाटली तर ते मोठ्या माणसांच्या उपयोगाचं आहे असं समजून जागच्या जागी ठेवायचं. ही पद्धत कधी चुकली नाही. फक्त एकदा तिच्यापायी दोन घरांच्या पायऱ्या उखडल्या, एका बाईंचा पाय मुरगळला आणि तीस वर्षांच्या दोस्तीत खडा पडला. पण त्यात पद्धतीचा काय दोष?

साल अडुसष्ट. आईवडील बदलीच्या नोकरीपायी शिमोग्याला, आणि मी शाळेसाठी चामराजपुरमला काका-काकूंकडे. आमचं घराणं मराठी, पण कसलं मराठी! पूर्वज कधीतरी घोड्यावर बसून दक्षिणेत आले, इथल्या फौजेत शिरले आणि इडलीची चव लागल्यावर परत जायचं विसरले. घरात आम्ही मराठी बोलायचो, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. पुण्याकडचा माणूस आमचं पहिलं वाक्य ऐकून हसायचा आणि दुसरं ऐकून "पुन्हा म्हणा" म्हणायचा. शाळा मात्र सगळ्यांची कानडी. त्यामुळे घरात मराठी बोलणारे तीन आणि मराठी वाचणारी एकटी मी! तेही शाळेतल्या हिंदीच्या जिवावर, कारण अक्षरं तीच.

माझे काका खंडोजीराव घोडेस्वार पोलिसांतून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. ज्यांच्या एका शिट्टीवर चाळीस घोडे जागच्या जागी थांबायचे, त्यांचं आता अंगणातले बारा गुलाब ऐकत नव्हते! दसऱ्यात घरगुती बागांची स्पर्धा असायची. तपासणीस घरोघर येऊन बागा बघायचे आणि पहिल्या नंबराला कप द्यायचे. तो कप तीन वर्षं शेजारच्या वेंकटेश मास्तरांकडे जात होता. मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक, काकांचे जिवलग. रोज सकाळी दोघं मधल्या भिंतीवर पितळी लोटे ठेवून कॉफी प्यायचे, आणि मास्तर आपल्या कपाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. काकांना तेच जास्त लागायचं.

"वनजा," काका एका रविवारी म्हणाले, "आपल्या मंडळाच्या कपाटात गुलाबाचं पुस्तक आहे म्हणे. स्वतःचं स्वतः शिकायचं. ते घेऊन ये. या वर्षी कप आपल्या घरात हवा बघ!"

मंडळाचं कपाट म्हणजे मराठी लोकांच्या एका खोलीतलं लोखंडी कपाट. ते रविवारी तासभर उघडायचं. किल्ली दामोदररावांकडे. त्यांनी सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं घातली होती आणि आत, पहिल्या पानावर, नाव लिहिलं होतं. नियम एकच. एका कार्डावर एक पुस्तक, एक महिना.

मी खालच्या कप्प्यासमोर बसले. साबण घरी करा, शिवण घरी शिका, तीस दिवसांत टंकलेखन. त्याच रांगेत "गुलाब-स्वयंशिक्षक" सापडलं. मधलं पान उघडलं. चार ओळी शेणखतावर होत्या. पाचवी ओळही शेणखतावरच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी उठले आणि वरच्या कप्प्यात बघते तो काय! "पडक्या बंगल्यातली तिजोरी"! सहा महिने ज्याच्यासाठी मी रांगेत होते, ते पुस्तक चक्क जागेवर! मधलं पान उघडलं. चार पोरं अंधाऱ्या जिन्यावर उभी होती आणि खालून कुणीतरी खोकत होतं.

"दोन्ही नेऊ?" मी विचारलं.

"एक," दामोदरराव म्हणाले. "एक म्हणजे एक."

पाचवी ओळ मी घरी जाताना रस्त्यातच वाचली.

तुम्ही म्हणाल, केवढी लबाड पोर! तशी नव्हते हो. मी हिशेब केला होता की गुलाबाला लागतं ते काय? पाणी, शेणखत, ऊन. एवढं तर मी पुस्तकाशिवायही सांगू शकते. काकांना मराठी वाचता येत नाही, कव्हर खाकी. कुणाचं काय बिघडणार होतं?

संध्याकाळी काका वही-पेन्सिल घेऊन वेताच्या खुर्चीत ताठ बसले. "हं. हुकूम वाच."

मी तिजोरीचं पुस्तक उघडलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "गुलाबाला सकाळी पाणी घालावं."

काकांनी ते कानडी अक्षरात लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. "फोटो नाहीत?"

"अभ्यासाच्या पुस्तकात नसतात."

"हौदु, बरोबर," काका म्हणाले.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी घात झाला! झालं असं की तोंडानं मी गुलाब सांगत होते, पण डोळे गोष्ट वाचत होते. पोरं बंगल्यात शिरली होती, किल्लीचा पत्ता लागत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिसऱ्या पायरीखाली खणावं!"

काकांची पेन्सिल थांबली. "तिसऱ्या? वरून का खालून?"

आता मागे कसं फिरणार? छापलेलं वाक्य परत घेता येतं का? "खालून," मी म्हणाले.

"किती खोल?"

"कोपरभर."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आमच्या ओट्याची तिसरी पायरी उपटून अंगणात आडवी पडली होती, तिच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात काकांचा सगळ्यात आवडता लाल गुलाब! काकू, म्हणजे रुक्मिणीबाई, ओट्यावर अडकून उभ्या होत्या. खाली उतरायची सोयच नव्हती.

"अय्यो, पायरी कशाला काढलीत? डोकं फिरलं काय?"

"सुम्ने, गप्प बस! पुस्तकात आहे."

"छापलंय?"

"छापलंय."

आमच्या घरात छापलेल्या शब्दाला कुणी उलटून बोलत नसे. काकू वळून आत स्वयंपाकघरात गेल्या.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण गोष्ट ऐन रंगात आलेली, आणि माझी जीभ म्हणजे सुटलेलं घोडं! "हे कुणाला कळू देऊ नये" हे वाचून गेले, आणि काकांनी घोड्यांची जुनी कांबळी दोरीवर टाकून बागेभोवती पडदा केला. "खिडकीत लाल फडकं बांधावं" वाचलं, आणि काकूंचं लाल लुगडं खिडकीत फडकायला लागलं. काकांनी कधी "का" विचारलं नाही. जमादाराला हुकुमाचं कारण विचारायची सवय नसते.

आणि मग आलं ते वाक्य. बंगल्यावर एक दाढीवाला माणूस घिरट्या घालत होता. मी श्वास रोखून वाचत होते. "दाढीवाल्या माणसाला जवळ येऊ देऊ नये!"

या वेळी मात्र काकांनी मान वर केली. "का?"

"दाढीत... दाढीत कीड असते. ती गुलाबाला लागते."

काका विचारात पडले. मग त्यांनी हळूच भिंतीकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वेंकटेश मास्तरांनी चातुर्मासाचं व्रत धरलं होतं आणि दोन महिन्यांत त्यांची दाढी छातीपर्यंत पोचायला निघाली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर एकच लोटा होता. मास्तरांचा. काका कांबळ्याच्या आड उभे राहून आपली कॉफी एकटेच पीत होते.

"काय रायरे, तब्येत बरी ना?" मास्तरांनी कानडीत विचारलं. ते काकांना राव म्हणून 'रायरे' म्हणायचे आणि काका त्यांना मास्तर म्हणून 'मेष्ट्रे'.

"बरी आहे मेष्ट्रे. स्वल्प लांब उभे राहा."

मास्तर लांब उभे राहिले. तिसऱ्या दिवशी तेही यायचे बंद झाले. मला रडू यायला लागलं. गोष्टीतली तिजोरी गेली खड्ड्यात! काका सकाळी भिंतीशी जायचे, रिकाम्या भिंतीवरून हात फिरवायचे आणि परत यायचे. मी हिंमत करून त्यांच्याजवळ गेले.

"काका, ते दाढीचं..."

"काय? अजून काही लिहिलंय?" त्यांचे डोळे चमकले. "कप आला ना, की मेष्ट्रेंना स्वतः जाऊन सगळं सांगेन. मग रागावणार नाहीत. आणि कपावर तुझं नाव घालू. वाचलंस तू!"

आता सांगा, कोण खरं बोलू शकेल? मी पुस्तक पांघरुणात लपवून दोन दिवस ताप आल्याचं सोंग केलं.

दसरा आला. तपासणीस म्हणून सीतालक्ष्मीबाई आल्या. सोनेरी काठाची साडी, हातात वही, मागे एक शिपाई. काकांनी कांबळी खाली ओढली, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. बाई खूश झाल्या. ओट्यावरून बाग बघायला एक पायरी चढल्या, दुसरी चढल्या, समोर काकांकडे बघून हसल्या, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायला गेल्या.

गुलाबानं काटे दाखवले ते तेव्हा!

बाईंना उचलून ओट्यावर बसवलं. काकूंनी मुरगळलेल्या पायाला हळद-तेल आणलं. "पायरीत गुलाब कोण लावतं?" बाई कळवळून विचारत होत्या. "ही पद्धत कुठली?"

"पुस्तकी पद्धत," काका ताठ उभे राहून म्हणाले.

बाई मोठ्या सज्जन. लंगडत का होईना, कर्तव्य पुरं करायला शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून त्या शेजारी मास्तरांच्या दारात गेल्या. आम्हीही पाठोपाठ. आणि बघतो तो काय! मास्तरांच्या घराची तिसरी पायरी गायब! खड्ड्यात पिवळा गुलाब! खिडकीत त्यांच्या बायकोची लाल साडी! विज्ञानाचे मास्तर तीन आठवडे भिंतीवरून चोरून बघत होते आणि आमचं जसंच्या तसं उतरवून घेत होते!

"तुम्हीपण?" बाई किंचाळल्या आणि खालच्या पायरीवरूनच माघारी फिरल्या. वहीत त्यांनी काय लिहिलं ते कळलं नाही, पण बराच वेळ लिहीत होत्या.

काका आणि मास्तर एकमेकांकडे बघत उभे. एवढ्यात मला शोधत मास्तरांच्या फाटकातून सायकल ढकलत दामोदरराव आले.

"वनजा! महिना होऊन पाच दिवस झाले. अकरा पोरं थांबली आहेत. 'पडक्या बंगल्यातली तिजोरी' कुठाय?"

"तिजोरी?" काकांनी विचारलं. "गुलाबाची?"

"कसला गुलाब? पोरांची रहस्यकथा आहे ती. गुलाबाचं पुस्तक कपाटातच पडलंय."

मी खांबामागे गेले, पण खांब बारीक होता. काका माझ्याकडे वळले. घोड्यानं ऐन परेडमध्ये बसकण मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"पायरीचं त्या गोष्टीतलं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"फडक्याचं?"

पुन्हा मान.

"आणि दाढीचं?"

मला हुंदका फुटला. काकांनी मग कप गेल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते आमच्या घरात गेले, स्वतःच्या हातांनी कॉफीचे दोन लोटे भरून आणले, आणि मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

"मेष्ट्रे, दाढीत कीड नाही. माझीच चूक. तीस वर्षांच्या दोस्ताला लांब उभं केलं."

मास्तरांनी लोटा घेतला आणि दाढीवरून हात फिरवला. "रायरे, मीही तुमची पायरी चोरली. फिट्टंफाट!" मग दोघं असे हसले, की कॉफी सदऱ्यांवर सांडली. मी मात्र रात्री जेवले नाही. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि काही विचारलं नाही, त्यामुळे जास्तच रडले.

पुढच्या रविवारी काकांनी मला पुन्हा कपाटाकडे पाठवलं. या वेळी मी वरच्या कप्प्याकडे मान वळवली नाही. "गुलाब-स्वयंशिक्षक" छातीशी धरून आणलं. संध्याकाळी काका खुर्चीत, मास्तर शेजारी बाकावर. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. शब्दन् शब्द खरा! जमिनीचा पोत, शेणखताचं प्रमाण, छाटणीचा कोन, पुन्हा शेणखत. जे छापलंय तेच, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. काका मध्येच कानडीत मास्तरांना समजावून सांगत होते. मग समजावणं कमी झालं. पाचव्या पानावर मास्तरांची दाढी छातीवर टेकली. सातव्यावर काकांच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

मी वाचत राहिले. प्रायश्चित्त म्हणजे प्रायश्चित्त! नवव्या पानावर काकांनी एक डोळा उघडला.

"वनजा."

"हं?"

"हे सगळं असंच छापलंय?"

"असंच. शप्पथ!"

काकांनी मास्तरांकडे बघितलं, काकू आत आहेत ना ते बघितलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"स्वल्प मध्येमध्ये तुझं पण घाल की ग!"