डेस्लीनं चोरांचं दार लावलं

"त्यात काय एवढं? चहा निवायच्या आत बंद करते," असं डेस्ली क्राउझ मंगळवारी, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबात, सगळ्यांसमोर म्हणाली, आणि इथूनच वॅराबूल गावाच्या हालांना सुरुवात झाली.

बंद करायचं होतं ते 'बकेट'. थिएटरात लागलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी घरबसल्या फुकट दाखवणारं हे इंटरनेटवरचं चोरांचं दुकान. राजधानीतल्या मोठ्या न्यायालयानं देशातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्यांना हुकूम काढला होता की पंधरा दिवसांत हे दुकान आपल्या गिऱ्हाइकांना बंद करा. त्या यादीत बड्याबड्या कंपन्यांच्या तळाशी, एकोणचाळिसाव्या नंबरावर, डेस्लीच्या कंपनीचं नाव होतं. गिऱ्हाइकं म्हणजे वॅराबूलची तीनशे घरं, नोकर म्हणजे एकटा ट्रेंट. पण यादी ती यादी. डेस्लीनं तो कागद आठवडाभर पर्समध्ये बाळगला आणि विचारणाऱ्याला दाखवला, न विचारणाऱ्यालाही दाखवला.

"मला नाही पटत," क्लॅरी म्हणाला. क्लॅरीनं चाळीस वर्षं गावाचे नळ दुरुस्त केले होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत पाइपातूनच यायचं. "नळानं पाणी द्यावं. लोक त्यात व्हिस्की घालतात की औषध, ते नळानं बघू नये. आज सिनेमा बंद कराल, उद्या म्हणाल क्लॅरीनं बातम्या बघू नयेत."

"क्लॅरी, पाणी माझ्या टाकीतलं चोरलंय," मिसेस पीच म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण क्लॅरीनं आपला ग्लास उचलला आणि तो दुसऱ्या टेबलावर गेला.

ऊना पीच. वय एकाहत्तर. अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. डेस्ली बावन्न वर्षांची झाली, कंपनीची मालकीण झाली, तरी तिच्या तोंडून 'ऊना' निघायचं नाही. ज्यांच्या बसमध्ये आपण बारा वर्षं च्युइंग गम लपवलं, त्यांना नावानं हाक मारणार कशी? निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, या बाईनं सिनेमा काढला. नऊ वर्षं लागली. गोष्ट साधी: शाळा कायमची बंद व्हायच्या दिवशी एक बसवाली मुलांना शाळेत न नेता पाचशे किलोमीटरवरचा समुद्र दाखवायला नेते. कॅमेरा उसना, नट गावातले. मुलांची कामं करणारी मुलं मधेच मोठी व्हायची, त्यांना मिशा फुटायच्या, मग त्यांची धाकटी भावंडं उभी राहायची. हीरो होता रेग खाटीक. चौथ्या वर्षी तो वारला. कोणीही गाशा गुंडाळला असता. मिसेस पीचनी रेगच्या भावाला रेगची टोपी घातली आणि पुढची पाच वर्षं त्याला पाठमोरा उभा केला. मला विचाराल तर अशा माणसांच्या नावानं रस्ते काढायला हवेत.

आणि असा हा सिनेमा मेलबर्नच्या एका महोत्सवाला परीक्षकांसाठी पाठवला, तो दोन आठवड्यांत बकेटवर! पुन्हा कोणी चोरू नये म्हणून मिसेस पीचनी त्यानंतर घरातल्या सगळ्या प्रती अंगणात मांडल्या आणि त्यांवरून बस घातली. एकदा पुढे, एकदा मागे. एकच प्रत उरली, ती मेलबर्नच्या संकलकानं कुलूप लावून इंटरनेटवरच्या कोठारात ठेवली होती. शनिवारी दुपारी दोन वाजता गावच्या मेकॅनिक्स हॉलमध्ये ती पहिल्यांदा गावाला दिसणार होती. त्यासाठी मेलबर्नहून आरिस कॅलोगेरस नावाचा माणूस येणार होता. देशभरातल्या छोट्या गावांच्या थिएटरांत काय लागणार ते हा ठरवायचा. त्याला आवडला तर मिसेस पीचची नऊ वर्षं पडद्यावर येणार, नाही आवडला तर ती कपाटात जाणार. चार वाजता तो विमानतळाकडे निघणार होता.

डेस्लीच्या मनात आलं, पडदा उघडायच्या आत चोरांचं दुकान बंद झालेलं असावं. मिसेस पीचना आपल्याकडून भेट.

शनिवारी सकाळी नऊला ती कामाला बसली. हुकुमात लिहिलं होतं की नाव बंद करा, म्हणजे लोकांनी 'बकेट' टाइप केलं की काही उघडणार नाही. डेस्लीला हे मिळमिळीत वाटलं. चोर काय, नाव शर्टासारखं बदलतो. प्रत्येक नावामागे एक आकडी पत्ता असतो, तोच बंद केला की विषय संपला. तिनं पत्ता शोधला, बंद केला, आणि चहाला हात लावला. चहा गरम होता. तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता हा पत्ता म्हणजे बंगला नव्हता, चाळ होती. त्याच आकड्यावर जगभरातली हजारो बिऱ्हाडं राहत होती आणि बकेट हे त्यातलं एक. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथं एका काडीसाठी डेस्लीनं अख्खी गंजी पेटवली होती.

पावणेदहाला बोल्स क्लबाचा फोन आला. त्यांचं पान उघडत नव्हतं.

"इंटरनेटच्या पेटीचा स्विच बंद करा, दहा मोजा, चालू करा," डेस्ली म्हणाली.

मग जनावरांच्या डॉक्टरचा फोन. दहा मोजा. चर्चवाल्यांचा: गेलेल्या माणसाची पर्थमधली बहीण अंत्यविधी घरून बघणार होती, तिला काही दिसत नाही. दहा मोजा. गव्हाचे भाव उघडेनात, अग्निशमन दलाची पाळ्यांची यादी उघडेना, महिला मंडळाच्या स्कोन भाजायच्या स्पर्धेचा अर्ज उघडेना. साडेअकरापर्यंत अर्ध्या वॅराबूलचे दहा मोजून झाले होते. "सगळ्यांच्याच पेट्या कशा एकदम बिघडतात हो?" महिला मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. "उष्मा आहे," डेस्ली म्हणाली. बाहेर जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा होता आणि गवतावर दहिवर गोठलं होतं.

दुपारी सव्वा वाजता मिसेस पीच स्वतः आल्या. निळा कोट, ओठांना लिपस्टिक. डेस्लीनं त्यांना लिपस्टिक लावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अगं डेस्ली, माझा सिनेमा उतरत नाहीये. कोठाराचं दारच उघडत नाही. मी दोनदा दहा मोजले."

डेस्लीनं कोठाराचा पत्ता पाहिला. बकेटचा पाहिला. पुन्हा कोठाराचा पाहिला. दोन्ही आकडे एकच होते.

"दोन मिनिटं, मिसेस पीच. माझ्याकडून जरा जास्तच बंद झालंय." ती आपल्या कंपनीचं सगळं जिथून चालवते ते पान उघडायला गेली. ते उघडेना. तेही त्याच चाळीत भाड्यानं राहत होतं. डेस्लीनं कुलूप लावून किल्ली आत टाकली होती.

दुसरी वाट एकच: टेकडीवरच्या टॉवरपाशी जाऊन हातानं उघडायचं. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, आणि तिथली चावी ट्रेंटच्या खिशात. ट्रेंट शेजारच्या गावात फुटबॉल खेळत होता आणि हाफ टाइमशिवाय फोन घेणार नव्हता.

तिनं हे सगळं मिसेस पीचना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लोक आलेत गं. प्रत्येकीनं काहीतरी करून आणलंय."

खरंच आणलं होतं. हॉलमध्ये टेबलं सॉसेज रोल आणि लॅमिंग्टन केकनं वाकली होती. दीडशे खुर्च्यांवर एकशे ऐंशी माणसं. आरिस पहिल्या रांगेत मांडीवर ताटली घेऊन बसलेला, घड्याळाकडे बघत. पडदा पांढरा. दोन वाजून दहा मिनिटं झाली.

मिसेस पीच बोलायला उभ्या राहिल्या, 'मंडळी' एवढंच म्हणाल्या आणि परत बसल्या. शंभर मुलांना नुसत्या आरशातून गप्प बसवणारी बाई ही! डेस्लीला ते बघवेना. तिच्या पर्समध्ये, त्या हुकुमाच्या कागदाखाली, एक वस्तू होती. ती बाहेर काढली तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. तिनं काढली.

"मिसेस पीच," ती उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे एक प्रत आहे. पेन ड्राइव्हवर. बकेटवरून घेतलेली."

हॉलमध्ये चमच्यांचे आवाज थांबले.

"तू?" मिसेस पीच म्हणाल्या.

"मी."

"किती वेळा बघितलीस?"

"चार."

"शेवटपर्यंत?"

"चारही वेळा. समुद्र येतो तिथं दरवेळी रडले."

मिसेस पीचनी खुर्चीवरून उठून कोट सारखा केला. मग हॉलकडे वळून विचारलं, "आणखी कोणी?"

एक हात वर झाला, मग पाच, मग मोजायचं कारण उरलं नाही. पाद्रीबाबांनी अर्धाच वर केला. एकटा क्लॅरी हात बांधून बसला होता, लालबुंद. "मी तिकीट काढलंय," तो म्हणाला. "नळ उघडा ठेवा म्हणालो म्हणजे मी चोर आहे असं नाही."

"लाव," मिसेस पीच डेस्लीला म्हणाल्या.

"एक अडचण आहे. बकेटवर ही एकच प्रत होती आणि तिला रशियन आवाज आहे. सगळ्यांचं मिळून एकच माणूस बोलतो. मेंढीचंसुद्धा."

"मग आवाज बंद कर आणि लाव."

पडद्यावर बस सुरू झाली, मुकी. पहिलं वाक्य आलं, तोंडं हलली, आणि तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ते वाक्य म्हणालं. ज्याचं होतं त्यानंच, फक्त आता त्याचा आवाज फुटलेला होता. मग दुसरी म्हणाली. नऊ वर्षं घोकलेली वाक्यं ती, विसरणार कशी? मुलांची कामं केलेले बाप्ये उभे राहून मुलांसारखे भांडले. मेंढीचं काम पाद्रीबाबांनी उचललं. रेग पडद्यावर आला तेव्हा हॉल गप्प झाला, कारण त्याचं वाक्य म्हणायला कोणी नव्हतं. मग मागून त्याची बायको मॅविस अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घाई कसली आहे? समुद्र काही पळून जात नाही." डेस्ली पाचव्यांदा रडली, आणि या खेपेला तिला सोबत होती.

चार वाजले, सव्वाचार झाले, आरिस जागचा हलला नाही. त्याचं विमान गेलं. दिवे लागल्यावर तो मिसेस पीचपाशी येऊन म्हणाला, "बाई, मी हा चाळीस गावांत लावणार. चांगली प्रत मिळेल ना?"

"डेस्लीला विचारा," मिसेस पीच म्हणाल्या, आणि लिपस्टिक पुसून लॅमिंग्टन खायला लागल्या.

ट्रेंटचा फोन हाफ टाइमला आला होता. डेस्लीला तो ऐकू गेला नव्हता.

रविवारी तिनं टॉवरवर जाऊन चाळ मोकळी केली. सोमवारी हुकुमात लिहिलं होतं तस्सं, फक्त नाव बंद केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग ती फोनकडे बघत बसली. कोणाचाही आला नाही. तिनं चहा हातात घेतला, तेवढ्यात वाजला.

"डेस्ली, ते बकेट उघडत नाहीये."

"उघडणार नाहीच, मिसेस पीच. बंद केलं मी. तुमच्यासाठीच ना."

"हो गं, बरोबरच केलंस. चोर ते चोर." मग त्या म्हणाल्या, "तिथं माझ्या सिनेमाखाली लोक लिहायचे ना, ते मी रोज सकाळी वाचायची. दूर मिन्स्क शहरातल्या एका बाईनं लिहिलंय, तिची आईही बस चालवायची. तिला उत्तर द्यायचं राहिलं."

"उघडू का पुन्हा? एका दिवसापुरतं?"

"छे छे, भलतंच काय. न्यायालयाचा हुकूम आहे. बंदच ठेव." मग आवाज जरा खाली आला. "माझी बहीण हॉपटनला राहते. तिथं इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं आहे, नाही का? त्यांचे पंधरा दिवस कधी भरतात?"