बद्रीनाथराव ट्राय करतात

नकार देणे हे मोठे वाईटपणाचे काम असून सरकारला त्यासाठी स्वतंत्र कार्यालये ठेवावी लागतात. खासगी माणसाला ते एकट्यानेच निभवावे लागते, म्हणून त्याच्या सोयीसाठी इंग्रजीतून 'ट्राय' हे क्रियापद आणलेले आहे. क्रांती चौकाजवळ राहणारे बद्रीनाथराव हे या क्रियापदाचे शहरातले सर्वांत अनुभवी वापरकर्ते होते.

'ट्राय करतो' म्हणजे येणार नाही. 'नक्की ट्राय करतो' म्हणजे येणार नाही आणि त्या दिवशी फोनही उचलणार नाही. 'शंभर टक्के ट्राय करतो' म्हणजे कार्यक्रम कुणाचा हे ऐकलेलेच नाही. गेल्या वर्षी त्यांनी एकशे बारा ठिकाणी ट्राय केले, पैकी दोन ठिकाणी ते पोहोचले (एक त्यांच्याच लग्नाचा वाढदिवस होता, दुसरीकडे मांडव चुकला). कुणाचे म्हणून मन दुखावले नाही. बोलावणाराही शहरातलाच, तो आधीच एक पान कमी मांडायचा.

घोटाळा फुलंब्रीला, सासुरवाडीत झाला. अधिक महिन्यात सासूबाई मनकर्णाबाईंनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावले.

"पाव्हणं, याल ना?"

"मामी, शंभर टक्के ट्राय करतो."

इंग्रजीत दिलेला शब्द म्हणजे कागदावर सही, असा मनकर्णाबाईंचा समज. त्यांनी पुरणाचे तेहतीस धोंडे केले आणि शेवटची बस जाईपर्यंत फाट्यावर उभ्या राहिल्या. (लेकीला, म्हणजे आशाबाईंना, अर्थ ठाऊक होता. पण आईला तो सांगायचा धीर झाला नाही.) बद्रीनाथराव त्या दिवशी घरी सोफ्यावर, डाव्या कुशीवर ट्राय करत होते.

दिवाळीनंतर पडेगावला त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत निघाली. शहरातल्या तीनशे लोकांना बोलावणे गेले आणि तीनशेही जण 'ट्राय करतो' म्हणाले. घरचे कार्य म्हटल्यावर मात्र बद्रीनाथरावांना त्या शब्दाचा अर्थ काही केल्या आठवेना. "सगळे ट्राय करतो म्हणालेत," असे आचाऱ्याला सांगून त्यांनी तीनशे पानांचा स्वयंपाक लावला.

दुपारी दोन वाजता मांडवात भटजी होते (त्यांनाही दुसरीकडे जायचे होते) आणि तीनशे खुर्च्या होत्या. फोन कुणी उचलत नव्हते. बद्रीनाथरावांनी खुर्च्या पुन्हा एकदा मोजल्या. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात रिक्षा थांबली. डबा सांभाळत मनकर्णाबाई उतरल्या.

"मामी, तुम्ही आलात!"

"येते म्हणले व्हते की." त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. डबा पुढे केला. "धोंडे हायेत. तवाचे गाईला घातले, हे ताजे. पाव्हणं, त्या दिवशी तुम्ही लई ट्राय केलं आसंल. कुठं अडकले व्हते वो? म्या इचारलंच नाय."

बद्रीनाथरावांनी धोंडा तोंडात टाकला. मग पहिले पान त्यांनी स्वतःच सासूबाईंसाठी मांडले.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त या रविवारी आपल्याला जिथे बोलावले आहे, तिथे आधी एक फोन करावा. आपल्या 'ट्राय करतो'वर पुरणाला डाळ किती घालायची, हे तिथे कुणालाच कळलेले नाही.