पुंडलिककाकांचं वर्षश्राद्ध

चार दिवसांच्या रजेसाठी सोमनाथनं जिवंत काकांना मारलं, आणि त्यातही फूस काकांचीच होती. शेंद्र्याच्या कारखान्यात दुसऱ्या कशाला रजाच मिळत नसे. रणजीची मॅच बघायचीय म्हटलं असतं, तर श्रीरंगसाहेबांनी त्याला सरळ डॉक्टरकडं धाडलं असतं.

"मार मला," पुंडलिककाका म्हणाले. "मी काय त्यानं मरतो व्हय? पण चारी दिवस बघू. ल्हानपणी तुला खांद्यावर बसवून न्यायचो तसं."

काकांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. शहरात कित्येक वर्षांनी रणजीची मॅच यायची होती. पुढच्या वेळी काका असतील की नाही, कुणी सांगावं? उस्मानपुऱ्यातल्या घरात रोज एकच उजळणी चालायची.

"आमच्या येळेला मोसम सुरू झाला की सलग चालायचा," काका म्हणायचे. "आता अर्धी रणजी खेळतेत, मधीच वीस-वीस ओव्हरांचा बाजार मांडतेत, अन् उरलेली संक्रांतीनंतर. अरे, रणजी हाय का शिळी भाकर, उरली की मग खायची?"

साहेबांनी काकांच्या वर्षश्राद्धासाठी नोव्हेंबरातली रजा दिली. "वर्षश्राद्धाला चार दिवस?" एवढंच विचारलं. "लई मोठे होते काका," सोमनाथ म्हणाला, आणि ते खपलं. पण आठवड्यातच पेपरात बातमी आली: वेळापत्रक बदललं, मॅच जानेवारीत.

"साहेब, श्राद्ध पुढं गेलं," सोमनाथ चाचरत म्हणाला.

साहेब चष्म्यावरून बघतच राहिले. त्यांचे वडील भिक्षुकी करायचे. यंत्रं सांभाळता सांभाळता साहेबांना सगळे विधी अजून तोंडपाठ होते. "तिथी कधी पुढे जाते का? काका गेले कधी?"

"गेले म्हणजे... हळूहळू गेले."

"कुणी गुरुजी तुला फसवतोय," साहेब कळवळले. "तिथी चुकलीच, तर जानेवारीत कर, पण यथासांग. मी स्वतः येतो विधी सांगायला."

आता साहेबांना येऊ नका म्हणायची कुणाची छाती? मॅचच्या पहिल्याच दिवशी साहेब सोवळं नेसून दारात हजर. सोमनाथच्या बायकोनं, तनुजानं, काकांच्या फोटोला हार घातला आणि दात-ओठ खाल्ले. "जित्या माणसाला हार घालायला लावला. आग लागो त्या क्रिकेटला!"

काकांनी शेजारी लपायचं ठरलं होतं. पण वडे तळायला पडले, वास भिंतीपलीकडं गेला, आणि काका सरळ आत येऊन पाटावर बसले. साहेबांनी फोटोकडं पाहिलं, मग काकांकडं.

"जुळे," काका म्हणाले. "मी धाकला. धा मिन्टांनी."

विधी झाला. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. अर्धा तास गेला, तास गेला, पण कावळा काही शिवेना. तिकडं टॉस होऊन गेला असेल, या काळजीनं काकांची चुळबुळ चाललेली.

"मृताची काही इच्छा राहिली होती का?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं.

"रणजीची मॅच," काका स्वतःच्या फोटोकडं बघत म्हणाले. "चारी दिवस. पुरी."

साहेब उठलेच. "मग ती पाठच्या भावानं पुरी करायची. चला, गाडी खाली आहे."

"मी बी येतो!" सोमनाथनं चप्पल शोधली.

"यजमानानं पान सोडून हलायचं नाही. कावळा शिवला की मला फोन कर, आणि मग ये."

गाडी गेली. सोमनाथ उन्हात पानापाशी बसून राहिला. दुपारी काकांचा फोन आला.

"सोम्या, लई झकास बॉलिंग चाललीय! बघायला नऊ माणसं हाईत, त्यातले दोन आम्ही. साहेब तर जाणकार निघाले रे. त्यांचे वडील बी त्यांना मॅचला न्यायचे म्हणं. सांगताना डोळे पुसले त्यांनी. कावळा शिवला का?"

"नाय अजून."

"झ्याक! साहेबांनी चारी दिवसांची रजा घेतलीय. कंपनीला कळवलंय, कावळा शिवंना म्हणून."

तेवढ्यात कठड्यावर कावळा येऊन बसला. त्यानं मान तिरकी करून वड्याचा अंदाज घेतला. तो शिवला की सोमनाथ मोकळा होता, पण श्राद्ध उरकलं म्हणून साहेबांची आणि त्याची, दोघांचीही रजा तिथंच संपली असती आणि काकांची मॅचही. फोनमध्ये काका कुणाच्या तरी चौकारावर खच्चून ओरडले.

सोमनाथनं टॉवेल उचलला आणि कावळ्याला हाकलून लावलं.