कृष्णाबाईंच्या कानातला रेडिओ

"आधी रत्नाबाईंचा रेडिओ बंद करून या, मग कॉफी मिळेल," कृष्णाबाईंनी उठल्या उठल्या नवऱ्याला सांगितलं.

"अगं, बंदच आहे तो. इतक्या सकाळी कोण लावतंय?"

"बंद असला तरी शीऽऽ करतो. रात्रभर नुसती शीऽऽ! डोळ्याला डोळा नाही माझ्या."

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत रेडिओ एकच, शेजारच्या रत्नाबाईंचा. तो आला त्या दिवसापासून कृष्णाबाईंच्या मनातून उतरलेला होता, त्यामुळे गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही. नरसिंहरावांनी वाद न घालता स्वतःच कॉफीचं आधण ठेवलं. लेकीचं लग्न होऊन तिची खोली रिकामी झाली, तशी घोरण्याला कंटाळून बाईंनी त्यांची गादी तिकडे नेऊन टाकली होती. तेव्हापासून ते जपूनच बोलत.

नळावर चार बायकांदेखत बाईंनी विषय काढला. रत्नाबाईही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. तडक घरी गेल्या, रेडिओची वायर भिंतीतून उपटली आणि अख्खा रेडिओ पोटाशी धरून कृष्णाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"घ्या अक्का! निजवा याला तुमच्या उशाशी. रडला तर हाक मारा मला."

रेडिओ मुका होता. शीऽऽ चालूच होती. कृष्णाबाईंनी पदर सारखा केला. "मग विजेच्या तारा वाजत असतील," त्या म्हणाल्या. माघार घेणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दिवेलागणीला त्यांनी फ्यूज काढायला लावला. अंधारातही शीऽऽ थांबली नाही, नरसिंहरावांचा पाय मात्र दोशाच्या पिठात गेला. दुसऱ्या दिवशी घरात उप्पीट झालं, आणि ते खाऊन दोघं डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. "अम्मा, हा आवाज बाहेरचा नाही. तुमच्या कानातलाच आहे."

"म्हणजे मला वेड लागलंय?"

"छे छे. तुम्हाला ऐकू येतो हे खरंच. उतारवयात येतो कुणाकुणाला. तो अगदी जाईल असं मी सांगत नाही. पण निजायची खोली एवढी गप्प ठेवू नका. स्वल्प काहीतरी आवाज जवळ असू द्या, म्हणजे याच्याकडे लक्ष जाणार नाही. कधीपासून होतंय?"

"यांची गादी पलीकडे टाकली तेव्हापासून."

डॉक्टरांनी नरसिंहरावांकडे पाहिलं. नरसिंहरावांनी छताकडे पाहिलं.

घरी येईपर्यंत बाईंच्या मनात तेच घोळत होतं. जन्मभर दुसऱ्याच्या घरातलं उणं काढलं. हे उणं निघालं आपल्याच डोक्यात, आणि ते असं, की भांडून हाकलता येत नाही. आवाजाला रेडिओ चालला असता. पण मागणार कुठल्या तोंडाने?

रविवारी जेवणं झाल्यावर नरसिंहराव आरामखुर्चीत घोरू लागले. बाई शेजारी तांदूळ निवडायला बसल्या. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, सूप आडवं झालं होतं आणि दोन चिमण्या निवांत तांदूळ टिपत होत्या. कितीतरी दिवसांनी डोळे हलके वाटत होते. शीऽऽ कुठे दडली होती कोण जाणे. खुर्चीतून घुर्रर्र येत होतं. बाई चिमण्यांनाही हाकलेनात.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याची गादी उचलून परत आपल्या खोलीत आणली.

"तिकडे गार वारा येतो. खोकायला लागाल, मग काढा मलाच करावा लागेल."

नरसिंहराव हरखून आडवे झाले. दिवा मालवला. बाई वाट पाहत पडून राहिल्या. शीऽऽ होती. घुर्रर्र येईना. त्यांनी कूस बदलली, बांगड्या वाजवल्या. तरी नाही.

"झोपलात का?"

"नाही गं. झोपलो तर घोरेन, आणि घोरलो तर पुन्हा बाहेर टाकशील. म्हणून जागाच पडलोय. तू नीज स्वस्थ."

गल्लीत कुणापुढे मान न वाकवलेल्या बाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"घोरा," त्या शेवटी म्हणाल्या.

"आं?"

"घोरा म्हणते ना! कानात तुमच्याही काही झालंय का?" मग भिंतीकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "पण स्वल्प हळू. रत्नाबाईंना ऐकू जायला नको."