बंबातली फळी

एका रविवारी आंघोळीच्या पाण्याला सरसाचा वास येऊ लागला म्हणून मी बंबाचं झाकण उघडलं, तर आत प्लायवुडचा तुकडा उकळत होता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘काढू नये. आप्पा.’

आप्पा म्हणजे आमचे शेजारी. राधानगरीच्या धरणावर ओव्हरसियर होते. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. हे मोडीत निघालेली वल्ह्यांची नाव बैलगाडीत घालून आले. ती आमच्या सामाईक अंगणात, नेमकी नळाच्या वाटेत, पालथी पडली. नावेला मागच्या अंगाला सपाट फळा असतो, तो कुजला होता. तेवढा बदलला की नाव रंकाळा तळ्यात उतरणार, असं त्यांनी मला सांगितलं, त्याला आता दुसरी दिवाळी आली.

सुतारानं सागवान सुचवलं. आप्पांना प्लायवुडच हवं होतं. सागवान एका रेषेत चिरतं, प्लायवुडचे पदर आडवे-उभे असतात, फक्त ते चिकटवणारा सरस दगा देतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सरसाची परीक्षा. लक्ष्मीपुरीतल्या प्रत्येक वखारीतून त्यांनी तुकडे आणले आणि शेजाऱ्यांच्या बंबांत वाटून टाकले. चार तास उकळायचे, वाळवायचे, पुन्हा उकळायचे. पदर सुटले की तुकडा बाद. आमच्या बंबाची आच मंद, म्हणून उत्तम प्रतीचे तुकडे आमच्याकडे. हा मान मी मागितला नव्हता.

“उकळल्याबिगर कळत न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मेहुणीला बघायला स्थळ आलं, तेव्हा नवऱ्या मुलाकडे टक लावून ते हेच म्हणाले. वखारवाले तर आप्पा दिसले की जेवायला निघून जात, मग सकाळचे नऊ का वाजले असेनात.

अखेर एक तुकडा तीनदा उकळूनही टिकला. मी देवापुढे साखर ठेवली. आप्पांनी तो करवतीनं मधोमध कापला, आतल्या पदरात तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी निघाली, आणि तुकडा बाद झाला.

माझा तोल सुटला. काठाकाठानं तर फिरायचं, एवढ्याशा पोकळीनं कोण बुडतंय, असं मी भर अंगणात ओरडलो.

आप्पा चिडले नाहीत. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथं त्यांच्या पत्नी, आक्का, बसल्या होत्या. संधिवातानं दोन वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

“तिला पवता येत न्हाई, मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले. “आन् पाठ टेकल्याबिगर बसताबी येत न्हाई. त्या फळ्याला टेकून बसणार ती.”

“मग पुढं बसवा की,” मी अजून रागातच होतो.

“वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागं असतंय. सगळी नोकरी बाहेरगावी झाली माझी. सणाला यायचो, सकाळी जायचो. तिच्या समोर निवांत असा कधी बसलोच न्हाई.”

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वखारीत गेलो, नव्यानं आलेल्या मालातला तुकडा मागून आणला आणि स्वतः बंबात टाकला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी कोळसे घातले.

पाण्यासाठी नावेला वळसा घालून नळावर गेलो, तेव्हा आक्का खिडकीतच होत्या.

“मास्तर, किती वेळ झाला?”

“दोन तास, आक्का.”

“मग दोन ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या.