केस पाहणारे गुलाबभाऊ

गुलाबभाऊ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साखरेच्या पोत्यावर आमचं मांजर झोपलं होतं. त्याच्या शेपटीपासून मानेपर्यंत त्यांनी उलटा हात फिरवला, उभ्या राहिलेल्या केसांत फुंकर मारली, आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "हे मांजर गेलं समज."

"काऊन जी? चांगलं लठ्ठ तर हाये."

"पोट लठ्ठ हाये. पाठीवर हात ठेव, हाडं लागतेत. अन् केस पाह्य, वाळल्या गवतावानी उभे. जंत झाले पोटात. औषध दे, नाई तर पंधरा दिवस."

मला राग आला. सकाळच्या पारी दुकानात येऊन मरणाची भाषा करणारा हा कोण टिकोजीराव? मी औषध दिलं नाही. मांजर अठराव्या दिवशी मेलं. गुलाबभाऊ सांत्वनाला आले आणि म्हणाले, "तीन दिवस जास्तीचे जगलं. खाऊपिऊ चांगलं घातलं तू." त्यावर हसावं की चिडावं हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

तर हे गुलाबभाऊ. समुद्रपूरला ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैल आडवा पाडायचा, ही कामं. डॉक्टर बदलून जात, गुलाबभाऊ तिथेच. बाहेरगावचे लोक त्यांनाच डॉक्टर समजत आणि ते कधी कोणाचा गैरसमज दूर करायला गेले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते निवृत्त झाले, पण हाताची सवय काही निवृत्त होईना. रस्त्याने जाताना दिसेल त्या कुत्र्या-मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सुलटा हात लाडाचा, उलटा हात पाह्याचा." केसांच्या दिशेने हात फिरवला की प्राण्याला बरं वाटतं. उलटा फिरवला की खालची कातडी दिसते. कोंडा, पिसवा, गोचीड, खपल्या, सगळं उघडं पडतं. ताप, जंत, पोटातला बिघाड, सगळ्याची पहिली खबर केसावर येते म्हणायचे. जनावर तोंडानं सांगत नाही, मग ते सांगणार कुठून?

ज्ञानाबद्दल तक्रार नव्हती. बोलण्याबद्दल होती. गावातल्या एका मास्तरांच्या दारातला कुत्रा त्यांनी असाच तपासला आणि मास्तरांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, याले नुसतं भाताचं पाणी घालता काय? कुत्र्याच्या पाठीवर घरचा सयपाक दिसते." त्या बाईंनी पुढे वर्षभर गुलाबभाऊंशी अबोला धरला. कुत्र्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून भाकरी आणि ताक मिळू लागलं. हळूहळू असं झालं की गुलाबभाऊ गल्लीत शिरले की बाया आपापली कुत्री आत ओढून दार लावून घेत.

सगळ्यात कहर झाला तो एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. त्या घरी पांढरा झुबकेदार पामेरियन होता. आमच्याकडच्या उन्हात तो बिचारा दिवसभर कूलरसमोर पडलेला असायचा. पंगत बसली होती, नवरदेवाकडची मंडळी बुंदी खात होती, आणि गुलाबभाऊ पत्रावळ सोडून उठले. खरकटा हात मागे धरून डाव्या हाताने त्यांनी कुत्रा तपासला.

"याले मोठी बीमारी हाये."

व्यापारी हसत म्हणाला, "उन्हानं केस गेले, गुलाबभाऊ. जेवा तुम्ही."

"उन्हानं असे जात नाई. दोन्ही कुशीचे केस सारखे गेले अन् खाजवत तं नाई. म्हणजे खरूज नाई. आतून हाये काही तरी. नागपूरले नेऊन रक्त तपासा."

नवरदेवाच्या मामाने घास हातात धरून विचारलं, "कोणाले बीमारी हाये म्हणता?" पुढचा अर्धा तास मुलीचा बाप कुत्र्याची बीमारी कुत्र्यालाच आहे हे मामाला पटवून देत होता. लग्न झालं. पामेरियनला मात्र नागपूरला कोणी नेलं नाही, आणि तो दिवाळी पाहू शकला नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, जरा गोड करून सांगत जा ना. लोकाईले वाईट वाटते."

"खोटी आशा दाखवणं म्हंजे ढोराले पाणी न पाजता खुंट्याले बांधणं," ते म्हणाले. "दवाखान्यात डॉक्टर म्हणत, पाहू. मी मागच्या दारी जाऊन सांगो, जगत नाई हे. घरी ने, सावलीत बांध, आवडते ते खाऊ घाल. लोकं शिव्या देत. पण जनावर सावलीत मरे."

हा माणूस कठोर आहे असंच तेव्हा माझं मत होतं, आणि ते मी गावभर सांगतही होतो.

त्यांच्या घरी मूलबाळ नव्हतं. बायको, आमच्या काकू, होत्या, त्या दोन हजार सालाच्या आगेमागे वारल्या. जायच्या आधी दोनेक वर्षं त्यांनी बसस्टँडवरून कुत्र्याचं एक तांबडं पिल्लू पदराखाली घालून आणलं होतं. तिचं नाव राणी. काकू गेल्यावर घरात बोलायला राणीच उरली. गुलाबभाऊ तिच्याशी वऱ्हाडीत बोलत, रागावत, पेपरातली बातमी वाचून दाखवत. बाजाराला निघताना दारातून तिला "येतो बरं" म्हणत.

राणी म्हातारी झाली त्या वर्षी तिच्या अंगावर अशी काही चमक आली की लोक थांबून पाहू लागले. तांबडा रंग नुसता झळझळायचा. आम्ही चिडवायचो, "भाऊ, राणीले लग्नाले उभी करता काय?" ते हसत नसत. पूर्वी कोणालाही तिच्या अंगाला हात लावू देत. आता कोणी पुढे झालं की म्हणत, "नोको, चिडते ते." राणी आयुष्यात कोणावर गुरगुरली नव्हती.

त्याच सुमारास ते माझ्याकडून जवसाचं तेल जास्त नेऊ लागले. आधी महिन्याला अर्धा लिटर, मग आठवड्याला. मला वाटलं, एकटा माणूस तळून खात असेल, तोंडाला चव नसेल. मी उलट चेष्टा केली, "भाऊ, तब्येत संभाळा, लय तेल होऊन राह्यलं." ते बाटली पिशवीत घालून निघून गेले.

पोळा होऊन महिना झाला असेल. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. गुलाबभाऊ राणीला दोरीने धरून आले. ती तीन ठिकाणी बसत बसत आली. त्यांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"हात फिरवून पाह्य. उलटा."

मी फिरवला. तळहात तेलाने माखला. तेलाखाली केस भुरकट होते, राठ होते, आणि मूठभर केस माझ्या बोटांत तसेच निघून आले. बरगड्या एकेक लागत होत्या.

"आता मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोड."

निरोगी कुत्र्याची कातडी सोडताक्षणी जागेवर जाते, हे इतक्या वर्षांत त्यांच्याकडे पाहून पाहून मलाही कळत होतं. राणीची कातडी उचलली तशीच उभी राहिली.

मला सगळं एकदम समजलं. हा माणूस कित्येक महिने रोज तिला तेल चोळत होता. गावाला दिसू नये म्हणून, आणि त्याहून जास्त स्वतःला दिसू नये म्हणून. ज्याला मी कठोर म्हणत आलो, त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटली.

"सांग," ते म्हणाले.

"मी काय सांगू, भाऊ? तुम्हाले समजत नाई काय?"

"समजते. पोटात गाठ हाये तिच्या, हाताले लागते. होळीपासून लागते." त्यांचा आवाज फाटला. "पण हे कोणी तरी तोंडानं बोललं पाह्यजे ना. नाई तर मी तेलच लावत बसीन अन् ते उन्हात मरन. मी बोललो तं तिले समजन, रमेश. माहा आवाज ओयखते ते. तू बोल."

ते पायरीवर टेकले आणि त्यांनी राणीला जवळ ओढलं. मग मी सांगितलं. जगत नाई भाऊ, म्हटलं, घरी न्या, सावलीत ठेवा. एवढंच. राणी माझ्याकडे बघून शेपटी हलवत होती, आणि गुलाबभाऊ दोन्ही हातांनी तिचे कान घट्ट झाकून रडत होते.